केली, झाली, आहे : यंत्रास दिलेल्या आज्ञेचा भाषिक विचार

दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले ह्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. आज्ञार्थाची चर्चा ह्या परंपरेत पुष्कळ झालेली आहे. ती करताना मात्र एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरलेली दिसते, ती ही की आज्ञा ज्यास द्यावयाची तो मनुष्य आहे. तो ऐकतो, समजतो, कामास लागतो, आणि काम न झाल्यास परत येऊन तसे सांगतो. 'दिवा लाव' असे म्हटले आणि दिव्यात तेल नसले, तर 'तेल संपले आहे' हे उत्तर न मागता मिळते. आज्ञेच्या पोटात अहवालाची अपेक्षा दडलेली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही, कारण ती अपेक्षा आजवर पुरी होत आलेली आहे.

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या घरांत एक निराळाच श्रोता आला आहे. तो आज्ञा अक्षरशः पाळतो, परंतु ती फळास गेली किंवा नाही ह्याविषयी त्यास काही ठाऊक नसते. आणि ठाऊक नसूनही तो 'झाले' असे सांगतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा श्रोता आहे. विषय यंत्रविद्येचा दिसत असला, तरी त्यातील अडचण भाषेची आहे असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्यासाठी थोडा घरगुती वृत्तान्त द्यावा लागेल; त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम साधनांची ओळख. 'रास्पबेरी पाय' हा एकाच पट्टिकेवर मांडलेला संगणक केंब्रिज येथील एका शैक्षणिक प्रतिष्ठानाने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. आकाराने तो पोस्टकार्डाच्या निम्म्याहून लहान आहे. २०१४ पासूनच्या बहुतेक नमुन्यांत त्याच्या एका कडेस ४० पिनांची दुहेरी रांग असते. त्यांपैकी बऱ्याच पिना आज्ञावलीच्या ताब्यात असून, आज्ञेनुसार त्यांवर ३.३ व्होल्ट इतका विद्युतदाब येतो किंवा शून्य होतो. संगणकाचे घरावर जे काही राज्य चालते ते एवढ्यावरच. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह ह्या नाजूक पिनांस सोसणारा नाही. म्हणून मध्ये 'रिले' घालावा लागतो. रिले म्हणजे लहानशा प्रवाहाने चुंबक धरवून मोठ्या प्रवाहाचा खटका जोडणारी डबी. ती धरते तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. हा आवाज पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. (रिलेच्या पलीकडची जोडणी माहीतगार वायरमनकडूनच करून घ्यावी; ह्या बाबतीत पदवीचा उपयोग नाही.)

संगणकास आज्ञा द्यावयाची भाषा 'पायथन'. गिडो व्हान रॉसम ह्यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲम्स्टरडॅम येथे तिच्या रचनेस आरंभ केला व १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर एका इंग्रजी विनोदी दूरदर्शनमालेवरून आले आहे. आणि 'रास्पबेरी पाय' ह्यातील 'पाय' हे पायथनचे संक्षिप्त रूप आहे. भाषाभ्यासकास तिची एक गोष्ट प्रथमदर्शनीच आवडावी. तीत वस्तूचे नाव आधी येते, मग बिंदू, मग क्रिया. इंग्रजीत क्रियापद पुढे आणि कर्म मागे. पायथनचा क्रम 'दिवा लाव' ह्या आपल्या क्रमास जवळचा आहे. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही देता येतात, त्यामुळे पुढील ओळ संगणक विनातक्रार स्वीकारतो:

पायऱ्यांचा_दिवा.लाव()

अर्थात 'जर', 'जोवर', 'नाही' ह्यांच्या जागी येणारे पायथनचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, आणि नामांस विभक्ती लागत नाही. 'दिवा' आणि 'दिव्यास' ही संगणकाच्या लेखी दोन असंबद्ध नावे होत. ह्या ओळीतील 'ऱ्या' ह्या अक्षराने आम्हांस एक संध्याकाळ छळले, तेही येथे नमूद करतो. हे अक्षर दोन प्रकारे टंकित होते. एका प्रकारात स्वतंत्र 'ऱ' ह्या वर्णास हलन्त जोडतात. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही सारखीच. पायथन पहिले स्वीकारते आणि दुसरे नाकारते, कारण नावात अदृश्य चिन्ह त्यास चालत नाही. अंकांचेही तसेच. '१७' हा मजकूर म्हणून दिला तर त्याचे संख्येत रूपांतर बिनचूक होते. परंतु आज्ञावलीत संख्या म्हणून थेट '१७' लिहिले, तर ती चूक ठरते. मराठी लेखनातील ह्या बारकाव्यांची नोंद आपल्या विभागांतून व्हावयास हवी; ती होत नाही.

आता मूळ प्रकरण. आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) राहुरी तालुक्यात एका वस्तीवर आहे. वस्ती म्हणजे गावठाणात नव्हे, मळ्यातच. ह्या भागात शेतीपंपांस लागणारी थ्री फेज वीज ठराविक तासच मिळते, आणि ते तास आळीपाळीने दिवसाचे किंवा रात्रीचे असतात. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे, स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे आणि दारे धरायची, हा येथला क्रम. जिल्ह्यात ऊस पुष्कळ, आणि उसात बिबटे आहेत. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले की, अभयारण्याबाहेर, माणसांच्या दाट वस्तीत आणि पिकांच्या आडोशाने हे प्राणी कायमचे राहतात. साप तर सर्वत्र. ह्यावरचा खरा उपाय म्हणजे दिवसा वीज. राज्य शासनाने २०१७ साली हाती घेतलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगांसाठी आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली होती, ती त्यासाठीच. ती वीज वस्तीवर येईपर्यंत आमचे वडील, ज्यांस घरात सर्वच अण्णा म्हणतात, वयाच्या पंचाहत्तरीत रात्री अकरा वाजता विहिरीवर जात होते. त्यांस घरातून मोटर चालविता यावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा उद्योग आरंभिला.

आधी पडवीचा दिवा घेतला. पहिल्याच दिवशी उलटा अनुभव आला: आज्ञावलीत 'बंद' म्हटले की दिवा लागे आणि 'चालू' म्हटले की विझे. पुष्कळ रिले-फलक असे असतात की पिनेवरील दाब काढून घेतला म्हणजे ते धरतात आणि दाब दिला म्हणजे सोडतात. त्यांच्या बोलीत नकार हाच होकार. पायथनच्या ग्रंथालयात ह्याची सोय आहे. एक शब्द बदलून हा अर्थव्यत्यास दुरुस्त होतो. परंतु संगणक नुकताच सुरू होत असताना, आज्ञावली वाचली जाण्यापूर्वी, पिना काय म्हणत असतील ह्याचा भरवसा नसतो. दिव्याच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. मोटरीच्या बाबतीत बिघडते. म्हणून तेथे बाह्य रोध लावून पिनेचे मौन 'बंद' ह्याच अर्थी निश्चित करून ठेवावे लागते.

त्यानंतर विहिरीची ५ अश्वशक्तीची मोटर. तिच्या स्टार्टरला हिरवे व लाल अशी दोन बटणे. हिरवे क्षणभर दाबले की आतील चुंबक धरतो आणि मग स्वतःच स्वतःस धरून राहतो. वीज गेली की सुटतो. आम्ही एक रिले हिरव्या बटणाशी समांतर जोडला आणि दुसरा लाल बटणाच्या मंडलात घातला. आज्ञावलीत पहिल्या रिलेने एक सेकंद धरावे, सोडावे, आणि 'मोटर चालू' अशी नोंद करावी, असे लिहिले. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती नोंद मराठीत उमटे. घरात कौतुक झाले.

त्या हिवाळ्यात गव्हाच्या पहिल्या पाण्याची वेळ आली. पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात तेव्हाचे हे पाणी चुकविण्यासारखे नसते. आठवडा रात्रपाळीचा होता. अण्णांनी दारे दिवसाउजेडीच लावून ठेवली होती. रात्री अंथरुणातून बटण दाबले, पडद्यावर 'मोटर चालू' असे आले, आणि ते झोपले. सकाळी पाहतात तो वाफे कोरडे. तीनपैकी एक फेज नव्हती. स्टार्टरमधील प्रिव्हेंटरने मोटर तत्क्षणी तोडली होती, आणि योग्यच केले होते, नाही तर ती जळाली असती. पडदा मात्र सकाळीही 'मोटर चालू' असेच सांगत होता. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "चालू केली म्हणून सांगतंय ते. पण झाली का?" त्या रात्रीपासून ते पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीवर जाऊ लागले.

ह्या प्रश्नात सर्व विवेचन आहे. मराठीत 'करणे' आणि 'होणे' ही जोडी नित्याच्या व्यवहारातली आहे: चालू करणे, चालू होणे, बंद करणे, बंद होणे. पहिल्यात कर्त्याचे कृत्य आहे, दुसऱ्यात वस्तूची अवस्था पालटल्याचे कथन आहे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. 'उठवले पण उठला नाही', 'पेटवली पण पेटली नाही' ही वाक्ये आपण सहज बोलतो आणि कोणासही त्यांत विसंगती वाटत नाही. संस्कृत वैयाकरणांनी धात्वर्थाचे व्यापार आणि फल असे दोन अंश मानले आहेत. 'शिजविणे' ह्यात चूल पेटविणे, भांडे ठेवणे, फुंकणे हा व्यापार, आणि तांदूळ मऊ होणे हे फल. व्यापार कर्त्याच्या ठायी राहतो, फल कर्माच्या ठायी. आमच्या आज्ञावलीने व्यापार केला होता: रिले धरला, 'टक्' असा आवाजही झाला. फल तीनशे फुटांवर, विहिरीच्या काठी होते, आणि तेथे पाहण्यास कोणी नव्हते. असे असताना नोंद मात्र तिने फलाची केली.

ही आमची एकट्याची चूक असती तर हा लेख लिहिला नसता. पायथनमध्ये पिनांचा कारभार पाहणारे जे प्रचलित ग्रंथालय आहे, त्यात 'दिवा उजळलेला आहे काय' असे विचारण्याची सोय आहे. दिवा काढून घेऊन रिकाम्या पिनेस हा प्रश्न विचारला तरी उत्तर 'होय' असेच येते, कारण प्रश्न दिव्याविषयी दिसत असला तरी उत्तर पिनेविषयीचे असते. नामाभिधान फलाचे, आशय व्यापाराचा. उलटपक्षी, २०१३ साली सुरू झालेल्या व पायथनमध्येच लिहिलेल्या 'होम असिस्टंट' ह्या मुक्त प्रणालीत हा भेद मानलेला आढळतो. ज्या उपकरणाकडून उलट खबर येत नाही, त्याची अवस्था तेथे 'गृहीत' समजतात, आणि पडद्यावर एका सरकत्या खटक्याऐवजी 'चालू' व 'बंद' अशी दोन सुटी चिन्हे दाखवितात. आज्ञा देता येईल, अवस्था सांगता येणार नाही, असा त्याचा अर्थ. हा प्रांजळपणा आम्हांस फार भावला. पुण्याचे संतोष ओस्तवाल ह्यांनी शेतीपंपांसाठी सिद्ध केलेल्या व २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळविलेल्या 'नॅनो गणेश' ह्या योजनेतही पंप सुरू करण्याच्या बरोबरीने वीज आहे किंवा नाही हे दुरून कळण्याची सोय आहे. शेतकऱ्यासाठी यंत्र करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नसावा.

दुरुस्ती करावयाची म्हणजे यंत्रास कान देणे. मोटरीच्या एका तारेभोवती प्रवाहमापक कडे बसविले. ह्या संगणकास चढतेउतरते मूल्य थेट वाचता येत नाही, म्हणून मध्ये अंकरूपांतराची चकती घालावी लागली. ५ अश्वशक्तीची मोटर भारावर असता सुमारे ७ ते ८ अँपिअर घेते. प्रवाह शून्य असेल तर मोटर झाली नाही. फारच कमी असेल तर ती फिरते आहे पण पाणी उचलीत नाही. नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक असेल तर ती अडकली आहे किंवा एक फेज गेली आहे, आणि ताबडतोब लाल बटणाकडे वळले पाहिजे. नंतर पाटाच्या तोंडाशी एक साधा फ्लोटही लावला, तेव्हा कोठे 'पाणी पडते आहे' हे वाक्य म्हणण्याचा अधिकार आज्ञावलीस मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकास पाणी केव्हा व किती द्यावे हे सांगणारे 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे उपयोजन तयार केले आहे. असा सल्ला कितीही बिनचूक असला तरी 'दिले' आणि 'मिळाले' ह्यांतील हे अंतर शेतात कोणास तरी मोजावेच लागते.

दुसरा धडा गच्चीवरील टाकीने दिला. 'टाकी भरली की मोटर बंद कर' हे वाक्य आणि 'टाकी भरलेली असेल तर मोटर बंद ठेव' हे वाक्य बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः पहिले घटनेविषयी आहे, दुसरे स्थितीविषयी. पायथनमध्ये ह्या दोहोंसाठी निरनिराळ्या रचना आहेत. आम्ही पहिली निवडली, कारण ती सुटसुटीत. टाकी भरून फ्लोट वर आला त्याच सुमारास लाईट गेली. लाईट आल्यावर आज्ञावलीने मोटर पूर्ववत सुरू केली आणि ती 'भरली' ह्या घटनेची वाट पाहत बसली. घटना तर होऊन गेली होती! पाणी गच्चीवरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून अंगणात. आईने तुळशीवृंदावनापाशी तळे साचलेले पाहिले तेव्हा ते कळले. भूतकाळ एकदाच येतो, वर्तमानकाळ मात्र केव्हाही विचारता येतो. तेव्हापासून जेथे नुकसानीचा संभव आहे तेथे आम्ही 'भरली की' न लिहिता 'भरलेली असेल तर' असे लिहितो आणि दर दोन सेकंदांनी विचारतो.

येथे एक अवांतर उल्लेख. ह्या भागात स्टार्टरला 'ऑटो स्विच' बसविण्याची चाल आहे. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. महावितरण तो काढून टाकावयास सांगते, आणि त्यास कारण आहे. वाहिनीवर वीज येताच शेकडो मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तो भार डीपीस सोसत नाही. आज्ञा एकवचनी वाटते, पण ती सर्वांच्या पेट्यांत एकदम उच्चारली जाते. आमच्या आज्ञावलीत म्हणून वीज आल्यानंतर काही मिनिटे, आणि तीही दरवेळी निराळी, थांबण्याची ओळ घातली आहे. पायथनमध्ये त्यास दोन ओळी पुरतात. शेजाऱ्यांनीही तसे केले तर तिचा उपयोग.

सर्वांत अधिक विचार करावा लागला तो पडद्यावरील शब्दांचा. पूर्वी एकच शब्द होता, 'चालू'. आता आज्ञा गेल्यावर 'चालू करण्यास सांगितले' असे येते, प्रवाह दिसल्यावर 'मोटर चालू झाली', आणि फ्लोट उचलला गेल्यावर 'पाणी पडते आहे'. परंतु विहिरीवरचा संवेदक आणि घरातला संगणक ह्यांच्यातील बिनतारी संपर्क मधूनच तुटतो. तशा वेळी काय म्हणावे? 'चालू आहे' म्हणणे खोटे, 'बंद आहे' म्हणणेही खोटे. मराठीने ह्यासाठी रूप देऊन ठेवले आहे: 'असावी'. विध्यर्थाचे हे रूप येथे कर्तव्य सांगत नाही, तर अनुमान सांगते. वक्त्याने प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण त्याजवळ काही आधार आहे, एवढे त्यातून कळते. शेवटची खबर दोन मिनिटांपेक्षा जुनी झाली की आज्ञावली 'आहे' सोडून 'असावी' वर येते आणि शेवटची खबर किती वाजताची ते पुढे लिहिते. अर्ध्या तासाहून जुनी झाली तर 'कळत नाही' असे साफ सांगते. भविष्यकाळी रूप, 'चालू असेल', आम्ही मुद्दाम टाळले. त्यात निव्वळ अंदाजाची छटा अधिक आहे, आणि रात्री अकरा वाजता अंदाजावर कोणास बाहेर पडावे लागू नये.

ह्या शब्दयोजनेचा परिणाम असा झाला की अण्णा 'पाणी पडते आहे' असे वाचले की झोपतात, आणि 'असावी' दिसले की वेळ पाहून ठरवितात. गेल्या रब्बीत ते रात्री विहिरीवर दोनदा गेले. दोन्ही वेळा पडद्यावर 'कळत नाही' असे होते, आणि दोन्ही वेळा आम्हीही बरोबर होतो. एकदा उंदराने तार कुरतडली होती, दुसऱ्यांदा संवेदकाची विद्युतघटी उतरली होती.

अलीकडे त्यांनी नवी तक्रार केली आहे. 'मोटर बंद झाली' हे कळते, परंतु कोणी केली हे कळत नाही: आईने घरातून, प्रिव्हेंटरने, की लाईट गेल्याने? 'झाली' ह्या क्रियापदात कर्त्यास जागाच नाही; 'बंद करण्यात आली' ह्यात जागा आहे, पण ती रिकामी ठेवलेली. पहिल्या दोन कारणांची नोंद रिलेच्या व प्रवाहाच्या खबरींवरून वेगळी करता येईल असे वाटते. वीज गेल्याचे ओळखण्यासाठी स्टार्टरच्या अलीकडे आणखी एक संवेदक बसवावा लागेल. ते काम येत्या उन्हाळ्यात, विहिरीचे पाणी तळास गेल्यावर, करावयाचे आहे.